त्यागाचं कौतुक पुरे, मालकीचं बोला

डेड मून या अमेरिकी बँडचं नाव निघालं की वाद ठरलेल्या दोन रुळांवरूनच धावतो. एक पक्ष म्हणतो, काय हे लोक! वीस वर्षं तेच तीन कॉर्ड, तोच चिरका आवाज, तोच मोनोतला, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीतला, खरखराट. साठच्या दशकात अडकून पडले, म्हणून कुठे पोचले नाहीत. दुसरा पक्ष हात जोडूनच उभा असतो. कसे निर्मळ, कसे निर्लोभी, कंपन्यांपुढे कधी वाकले नाहीत, पैशाला शिवले नाहीत. एकाला अपयश दिसतं, दुसऱ्याला त्याग. दोघांपैकी कोणीही हिशेबाची वही उघडून पाहिलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या क्लॅकमसमध्ये फ्रेड कोल आणि टूडी कोल या नवराबायकोने ड्रमवाल्या अँड्र्यू लूमिसला सोबत घेऊन १९८७ ते २००६ या काळात जे चालवलं, तो बेताच्या भांडवलावर, डोकं ताळ्यावर ठेवून केलेला लघुउद्योग होता. आणि या बँडवर कोणाचा प्रभाव होता हे शोधायचं, तर गिटारच्या सुरांइतकंच कंत्राटाच्या कागदांतही शोधावं लागेल.

सुरुवात फ्रेडच्या वयापासून करू, कारण 'जुन्याची नक्कल' या आरोपाचा अर्धा जीव तिथेच जातो. फ्रेड १९४८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमात जन्मला. गॅरेज रॉक, म्हणजे साठच्या दशकातल्या हौशी पोरांचं ओबडधोबड रॉक, त्याने कुठल्या संग्रहातून ऐकून उचललं नाही. ते घडत असताना तो त्यात होता. शाळकरी वयात त्याला 'डीप सोल कोल' या नावाने बाजारात आणण्याचा प्रयोग झाला. मग लास वेगासमध्ये 'द वीड्स' हा बँड झाला. व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीतून सुटायला ही पोरं कॅनडाच्या वाटेला लागली आणि पोर्टलंडला पेट्रोल संपलं, अशी हकीकत आहे. तिथल्या एका क्लबात टूडी भेटली आणि १९६७ मध्ये लग्न झालं. पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्यांना मॅनेजर मिळाला. त्याच्याकडे आधीच 'द सीड्स' नावाचा बँड होता. सीड्स आणि वीड्स यांचा घोळ होईल म्हणून त्याने यांचं परस्पर नवं बारसं केलं: 'द लॉलिपॉप शॉप'. युनि या बड्या कंपनीने १९६८ मध्ये रेकॉर्ड काढली. त्यातल्या 'यू मस्ट बी अ विच'मध्ये एकोणीस वर्षांचा फ्रेड जिवाच्या आकांताने किंचाळतो, आणि तबकडीवर गायकांचं नाव काय, तर गोळ्या-बिस्किटांच्या दुकानाचं. ते गाणं १९९८ मध्ये 'नगेट्स' या संग्रहाच्या पेटीत आलं तेव्हा जाणकारांनी माना डोलावल्या. मधली तीस वर्षं?

म्हणजे 'त्यांना कोणी शोधलंच नाही' ही हळहळ खोटी आहे. फ्रेडला ऐन उमेदीत शोधलं होतं, करारावर सही झाली होती, रेकॉर्ड दुकानात गेली होती. कंपनी काय देते आणि काय घेते हे त्याने विशीच्या आत पाहिलं. त्यानंतरचा त्याचा स्वतंत्र बाणा बोधिवृक्षाखाली सुचलेला नव्हता. एकदा हात पोळलेल्या माणसाचं ते साधं व्यवहारज्ञान होतं.

आणि पोळलेला तो एकटा नव्हता. अमेरिकेचा तो सगळा वायव्य कोपराच असल्या धड्यांनी भरलेला. गॅरेज रॉकचं मूळ जिथे शोधतात ते 'लुई लुई' हे गाणं घ्या. रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाने ते लिहिलं, १९५७ मध्ये रेकॉर्ड केलं आणि पुढे लग्नाच्या खर्चासाठी त्याचे हक्क इतर काही गाण्यांसकट ७५० डॉलरला विकले. टकोमाच्या वेलर्स या बँडने १९६१ मध्ये ते नव्याने उभं केलं. एप्रिल १९६३ मध्ये पोर्टलंडच्या एका छोट्या स्टुडिओत किंग्समेन या पोरसवदा बँडने ते जेमतेम पन्नास डॉलरांच्या आत रेकॉर्ड केलं. गायक जॅक ईली उंचावर टांगलेल्या माइककडे मान वर करून ओरडत होता. शब्द इतके अगम्य निघाले की त्यात अश्लील काही आहे का, हे शोधायला एफबीआयने दीर्घ तपास केला. निष्कर्ष असा, की कुठल्याही वेगावर वाजवलं तरी काही कळत नाही. सरकारी खर्चाने इतकं मन लावून रॉक संगीत क्वचितच कोणी ऐकलं असेल.

हा किस्सा सगळे चवीने सांगतात. त्याच्या शेजारचा मात्र कोणी सांगत नाही. रेकॉर्ड गाजण्याआधीच ईली बँडबाहेर गेला होता. ड्रमवाला लिन ईस्टन एक दिवस म्हणाला, आता मी गाणार. बाकीचे चिडले तेव्हा उलगडा झाला, की बँडचं नाव त्याने आणि त्याच्या आईने आधीच कायदेशीर नोंदवून ठेवलंय. गाणं बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर चढलं, पण ज्याचा आवाज घरोघरी वाजत होता त्याला बँडच्या नावाने स्टेजवर उभं राहता येईना. पुढे उरलेल्या किंग्समेनना स्वतःच्याच रेकॉर्डिंगचे हक्क परत मिळवायला कोर्टात जावं लागलं, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला तेव्हा १९९८ साल उजाडलं होतं. बेरीलाही हक्काचा काही भाग ऐंशीच्या दशकात वकिलांमार्फतच परत मिळाला. तीन कॉर्डचं गाणं, पण त्याभोवतीची वकिली पाहिली तर पेशवाईतला इनामाचा तंटा बरा वाटावा.

याच कोपऱ्याने दुसरा रस्ताही दाखवला होता. वेलर्समधल्या तिघांनी १९६१ मध्ये 'एटिकेट' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. टकोमाच्याच सोनिक्सची पहिली एलपी १९६५ मध्ये या एटिकेटवर निघाली. आवाज फाटलेला, ड्रम कानावर आदळणारे, आणि आजही ती ऐकताना पंखा जरा हळू करावासा वाटतो. पुढे सोनिक्स दुसऱ्या लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, गेले, हॉलिवूडच्या चकचकीत स्टुडिओत रेकॉर्ड झाली, आणि तिच्यातला दात-नखं काढलेला आवाज त्या बँडला स्वतःलाच कधी आवडला नाही. आता सांगा, टकोमात जन्मलेल्या आणि पोर्टलंडजवळ घर केलेल्या फ्रेड कोलवर कोणाचा प्रभाव? सोनिक्सच्या किंकाळीचा तर आहेच. पण ती किंकाळी ज्यांनी स्वतःच्या पैशाने छापली, त्यांचा प्रभाव कुठल्याच रेकॉर्डच्या परीक्षणात का येत नाही?

आता यंत्राकडे येतो, कारण या सगळ्या गोष्टीचा लोखंडी पुरावा तेच आहे. कोल दांपत्याकडे १९५४ सालचं, प्रेस्टो कंपनीचं, तबकडी कोरायचं मोनो लेथ होतं. किंग्समेनचं 'लुई लुई' कोरलं गेलं ते याच यंत्रावर, असं सांगतात. रेकॉर्ड छापायच्या आधी तिची मूळ प्रत कोरावी लागते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो. चकती फिरते आणि वरची सुई ध्वनीच्या थरथरीनुसार डावी-उजवी हलत एकच अखंड खाच कोरत आत आत जाते. कोरताना केसासारखा बारीक काळा कीस निघतो. तो सतत बाजूला ओढावा लागतो, नाहीतर सुईत गुंततो. शिवाय तो भलताच ज्वालाग्राही, म्हणजे शेजारी सिगारेट ओढायची नाही. बास जास्त झाला तर खाच शेजारच्या खाचेत घुसते. मध्येच चूक झाली तर पुसायची सोय नाही, चकती फेकायची आणि पहिल्यापासून सुरू. हे काम शहरातल्या स्टुडिओत तासावर पैसे मोजून करून घेतात. फ्रेड ते घरी करायचा. आपणच लिहिलेलं, आपणच वाजवलेलं गाणं आपल्या हाताने कोरायचं, ती चकती छापायला पाठवायची आणि 'टूमस्टोन' या आपल्याच लेबलखाली विकायची.

तेव्हा 'मोनोचा हट्ट म्हणजे जुन्या दिवसांचं वेड' हा आक्षेप अर्धवटच खरा आहे. आवड होतीच, ती नाकारत नाही. पण यंत्रच मोनो होतं, हे आधी लक्षात घ्या. स्टिरिओ हवं असतं तर पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं. खरखर ही मालकीची किंमत होती, आणि त्यांनी ती डोळसपणे मोजली. संगीत मर्यादित आहे हे मात्र मी मान्य करतो. वीस वर्षांच्या रेकॉर्डी सलग ऐकल्या तर तिसऱ्या-चौथ्यानंतर कुठलं गाणं कुठल्या रेकॉर्डमधलं हे सांगणं अवघड जातं. १९८८ ची 'इन द ग्रेव्हयार्ड' आणि १९९४ ची 'क्रॅक इन द सिस्टिम' यांच्यात कलात्मक उत्क्रांतीचा आलेख काढू पाहणाऱ्याची पेन्सिल कोरीच राहील. पण दर दोन वर्षांनी अवतार बदलावा ही अपेक्षा कोणाची असते? नवा माल नव्या वेष्टनात विकायला लागतो त्या विक्री विभागाची. एका रागाची बढत तासभर ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी 'तेच ते' हा शब्द जपून वापरावा. फ्रेडच्या गाण्यात बदलत जातं ते वय. एकोणीसचा फ्रेड मुलीवर किंचाळतो, पंचेचाळिशीचा फ्रेड कर्ज, मरण आणि टिकून राहण्याबद्दल किंचाळतो, आणि शेजारी बायको सपाट, न हलणाऱ्या आवाजात त्याला साथ देते. '५४/४० ऑर फाइट' या गाण्याचं नाव तर १८४० च्या दशकातल्या ओरेगन सीमावादाच्या घोषणेवरून आलंय. बेळगावकडच्या वाचकांना अधिक सांगायला नको.

टूडीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण भक्त आणि टीकाकार दोघंही तिला फ्रेडच्या शेपटीला बांधतात. तिने बास हातात घेतला तो तिशीच्या उंबरठ्यावर, पोरं पदरात असताना. 'द रॅट्स' या त्यांच्या आधीच्या पंक बँडला बास वाजवणारं माणूस हवं होतं आणि घरातलं माणूस सोडून जात नाही, हा हिशेब. त्याआधी १९७५ मध्ये 'झिपर' नावाच्या बँडची रेकॉर्ड फ्रेडने स्वतःच्या लेबलवर काढली होती. म्हणजे पंकवाल्यांनी 'स्वतः करा'चा पुकारा करण्याआधीच यांचं दुकान उघडलेलं होतं. दुकान शब्दशः खरं आहे. वाद्यांचं आणि ध्वनिसामग्रीचं दुकान हे कोलांचं रोजचं पोटापाण्याचं साधन होतं. घर त्यांनी स्वतः बांधलं. बँडमध्ये माणसं तीन, त्यातली दोन एका चुलीवर जेवणारी. मैफलीची रोषणाई म्हणजे ड्रमवर ठेवलेल्या जॅक डॅनियल्सच्या बाटलीत खोचलेली एक मेणबत्ती. बोधचिन्ह म्हणजे तोंड असलेली चंद्रकोर, जी फ्रेडने गालावर गोंदवून घेतली होती. कुठला कारखानदार आपल्या मालाचा शिक्का स्वतःच्या गालावर मारून घेईल? पण आपलं नाव दुसऱ्याने ठेवलं की काय होतं हे ज्याने भोगलंय, त्याच्या गालावरची ती चंद्रकोर मला नुसती हौस वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मालकीचं एवढं काय? नट-मालक आपल्याकडेही होऊन गेले, त्यांचं काय झालं? आक्षेप वजनदार आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी काढली ती मालकाच्या जाचातून सुटायलाच. पुढे बालगंधर्व एकटे मालक झाले. खरे भरजरी शालू, उंची अत्तरं, आल्यागेल्याला पंगती, आणि त्यापाठोपाठ कर्जाचा डोंगर. नाट्यगृहं भरत होती आणि मंडळी बुडत होती. मालकी हातात असूनही माणूस मोकळा राहत नाही, हे यातून सिद्ध होतं, आणि मी ते नाकारत नाही. पण डेड मूनच्या पक्षकारांनी नेमकं इथेच बोट ठेवायला हवं. मालकीबरोबर खर्चाला लगामही लागतो. स्वतःच्या कंपनीचं कर्ज फेडायला दुसऱ्याच्या तालावर गावं लागणार असेल, तर मालक नावापुरताच. कोलांनी शालूचा खर्च मेणबत्तीवर आणून ठेवला. त्यात सौंदर्यदृष्टी होती तशी काटकसरही होती, आणि काटकसरीला भक्तीचा मुलामा दिला की तिची अक्कल झाकली जाते.

भक्तांना न रुचणारी आणखी एक गोष्ट. 'कंपन्यांना कधी शिवले नाहीत' हे साफ चूक आहे. युरोपात त्यांच्या रेकॉर्डी म्युझिक मॅनियॅक या जर्मन लेबलने काढल्या. २००६ मध्ये त्यांच्या गाण्यांचा मोठा संग्रह काढला तो सिॲटलच्या सब पॉपने, म्हणजे निर्वाणा या रॉक बँडला प्रथम बाजारात आणणाऱ्या लेबलने. पर्ल जॅमसारखा स्टेडियम भरवणारा बँड त्यांचं 'इट्स ओके' मैफलीत गायचा. यात तडजोड कुठली? मालक माल भाड्याने देऊ शकतो, परवाना देऊ शकतो, बोलणी करू शकतो. ज्याच्याकडे काहीच नसतं, त्याला फक्त सही करता येते.

आपल्याकडचं एक उदाहरण द्यायला हरकत नाही. १९७० आणि १९७१ मध्ये भारतातल्या बीट बँडांच्या दोन एलपी निघाल्या. हे खरंखुरं देशी गॅरेज रॉक. वाजवणारी कॉलेजातली पोरं, मोठ्या कष्टाने मिळवलेल्या गिटारी. स्पर्धा भरवली होती सिगारेटच्या कंपनीने, आणि रेकॉर्डचं नाव सिगारेटवरूनच पडलं: 'सिमला बीट'. आज पाश्चात्त्य संग्राहक त्या तबकड्या शोधत फिरतात. बँडांची नावं किती जणांना आठवतात? कंपनी नसती तर ती रेकॉर्डच निघाली नसती हे खरं, आणि त्याबद्दल ऋण मानावं. पण पुढची रेकॉर्ड काढायला त्या पोरांकडे ना यंत्र होतं, ना लेबल, ना तबकडी छापायचा रस्ता. पुरस्कर्त्याचं मन दुसरीकडे वळलं की चळवळ संपली. गुणवत्तेचा निकाल लागायची वेळच आली नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो मी मोडीत काढू शकत नाही. कोलांचं स्वावलंबन बऱ्याच अंशी परावलंबी होतं. त्या काळी ओरेगनमध्ये जागा परवडत होती. आज पोर्टलंडच्या आसपास वाद्यांचं दुकान चालवून घर बांधून दाखवा. त्यांचा मोठा श्रोतृवर्ग जर्मनी, नेदरलंड्समध्ये होता, आणि तिथले क्लब नुसत्या तिकिटांवर चालत नाहीत. नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगन शहरातला व्हेरा हा क्लब घ्या. स्वयंसेवक राबतात, नगरपालिका अनुदान देते, म्हणून फारशा नावाजलेल्या नसलेल्या परदेशी बँडलाही तिथे भरलेला हॉल मिळू शकतो. अमेरिकी व्यक्तिवादाचं प्रतीक म्हणून ज्यांचे पोस्टर लावतात, त्यांच्या गाडीत डच करदात्याचंही थोडं पेट्रोल होतं. त्यामुळे 'बघा, मनात आणलं तर कोणीही करू शकतो' असं जेव्हा कोणी डेड मूनच्या नावाने नवख्या पोरांना ऐकवतो, तेव्हा त्याला विचारायला हवं: कोणत्या जागेत, कोणत्या भाड्यात, आणि कोणाच्या अनुदानावर?

मालकीची मर्यादा शरीरापाशी तर उघडच दिसते. लेथ तुमचं, लेबल तुमचं, गाणी तुमची, पण आजारी पडलात तर? जानेवारी २०१४ मध्ये बँड पुन्हा एकत्र उभा राहिला आणि त्याच वर्षी फ्रेडच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. लूमिस मार्च २०१६ मध्ये कर्करोगाने गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये पोर्टलंड शहराने 'डेड मून दिवस' जाहीर करून सन्मान केला, आणि पुढच्याच महिन्यात, ९ नोव्हेंबरला, एकोणसत्तराव्या वर्षी फ्रेड गेला. अमेरिकेत आरोग्यविमा बहुधा नोकरीला बांधलेला असतो. जो कोणाचा नोकर नाही, त्याने तो स्वतःच्या खिशातून घ्यायचा किंवा देवावर हवाला ठेवायचा. स्वतंत्र कलावंत आजारी पडला की तिथे मदतीच्या मैफली होतात, डबा फिरतो, आणि लोक त्याला समाजाचं प्रेम म्हणतात. प्रेम असेलही. पण ग्रोनिंगनमध्ये हॉल, जेवण आणि पलंग यांची व्यवस्था कोणाच्या प्रेमावर सोडलेली नसते, ती अंदाजपत्रकात असते. पोर्टलंडने दिवस दिला. ज्यांना या बँडच्या निष्ठेबद्दल खरंच बोलायचंय, त्यांनी तीन कॉर्ड की चार हा वाद आणखी वीस वर्षं पुढे ढकलावा आणि त्याच नगरपालिकेला विचारावं, की आज व्हॅनमधून फिरणाऱ्या पुढच्या तिघांसाठी अंदाजपत्रकात काय आहे.